जुन्या वाणाचा उद्धार : इटलीचें द्राक्ष व आपलें भात

आपल्या ठाणें जिल्ह्यांत द्राक्षाचे मळे नाहींत, आणि मद्याची शिफारस करावी असाहि या लेखाचा हेतु नाहीं. तथापि इटलींतील एका द्राक्षाची हकीकत भात पिकविणाऱ्या प्रत्येक खातेदारानें ध्यानांत घेण्यासारखी आहे.

मध्य इटलींत मार्के व आब्रुत्सो हे डोंगराळ प्रांत आहेत. तेथें 'पेकोरिनो' नांवाचें पांढरें द्राक्ष पूर्वापार होत असे. 'पेकोरा' म्हणजे मेंढी. त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. हा वाण लवकर पिकतो, पण उत्पन्न थोडें देतो. त्यामुळें 'त्रेब्बियानो'सारख्या भरघोस वाणांपुढें तो मागें पडला व जवळजवळ नामशेष झाला. १९८० नंतरच्या दशकांत ग्विदो कोच्ची ग्रिफोनी या बागाइतदारानें आर्क्वाता देल त्रोंतो या डोंगरी गांवाकडील जुन्या वेलांच्या काड्या आणून त्या आपल्या मळ्यांत वाढविल्या. या द्राक्षांत साखर चांगली भरते, तरी आंबटपणा टिकून राहतो. साखर पुरी आंबून गेल्यावर मद्य गोड लागत नाहीं, पण चवीस तरतरीत असतें. ओफिदा भागाच्या या मद्यास २००१ सालीं कायद्यानें प्रदेशनाम मिळालें व २०११ सालीं त्याहून वरचा दर्जा मिळाला.

आतां आपल्याकडे पाहूं. वाडा तालुका २०१४ पर्यंत आपल्याच जिल्ह्यांत होता. आतां तो पालघर जिल्ह्यांत आहे. तेथील 'कोलम' ऊर्फ 'झिनी' हें बारीक दाण्याचें भात संकरित वाणांच्या मानानें कमी उतरतें, म्हणून त्याचीहि लावणी घटली. पण भाव चांगला असल्यानें त्याच नांवानें परमुलुखांतील तांदूळ मात्र बाजारांत खपत राहिला. १९९९ च्या भौगोलिक उपदर्शन कायद्यान्वयें २०२१ सालीं 'वाडा कोलम' या नांवाची नोंद झाली. ही नोंद दहा वर्षें चालते. पुढें तिचें नूतनीकरण करावें लागतें. शिवाय शेतकऱ्यानें अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचें नांव निराळें नोंदवावयाचें असतें. नोंदलेल्या मुलुखाबाहेरच्यास तें नांव लावतां येत नाहीं. म्हणून कल्याण, मुरबाड, शहापूरकडील शेतकऱ्यांनीं आपापल्या गांवचे जुने वाण स्वतंत्रपणें राखणें इष्ट.

द्राक्ष काडीपासून होतें, त्यामुळें वाण जसाच्या तसा उतरतो. भाताचें तसें नाहीं. तें बहुधा स्वपरागी असलें, तरी खळ्यावर व कणगींत बियाण्याची भेसळ होते. याकरितां बियाण्याचा तुकडा निराळा राखावा; पसवतांना एकदां व पिकतांना एकदां विजातीय रोपें उपटावीं; खळें स्वच्छ झाडून तें भात आधीं झोडावें, व चांगलें वाळवून निराळें सांठवावें.

सातबाऱ्यावरील क्षेत्र वाढविणें कोणाच्या हातीं नाहीं. कल्याण-डोंबिवलीच्या आसपास तर भातखाचरांच्या जागीं इमारती उभ्या राहत आहेत. ज्यास दोनच एकर उरले, त्यास खंडींच्या संख्येनें मोठ्या जमीनदाराशीं बरोबरी करतां येणार नाहीं. दाण्याच्या गुणानें मात्र करतां येईल. त्यासाठीं बियाणें घरांत शिल्लक असलें पाहिजे. इटलींत डोंगरावर चार जुने वेल उरले होते, म्हणूनच पुढचें सर्व साधलें. आपल्या कणगींत जुन्या वाणाचें पायलीभर बीं असेल, तर तें यंदा भरडूं नये, पेरावें.