चाखणें आणि पिणें



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांच्या भुंवया वर चढल्या असतील. ज्या माणसानें आयुष्यभर मुलांना मद्यपाननिषेधावर निबंध लिहावयास सांगितले, त्यानेंच निवृत्तीनंतर द्राक्षमद्याच्या कारखान्यांविषयीं बोलावें, हें विसंगत वाटणें साहजिक आहे. माझ्या शाळेंत अशीं मुलें होतीं कीं, ज्यांच्या पुस्तकांचे पैसे बापाच्या बाटलींत गेले. तीं मुलें मी विसरलेलों नाहीं. आणि आज जें सांगणार आहें, तें त्यांना स्मरूनच सांगणार आहें.

हल्लीं मुंबई-पुण्याकडील पुष्कळ मंडळी शनिवार-रविवारीं नाशिककडे जातात तीं केवळ पंचवटीच्या दर्शनासाठीं नव्हे. गंगापूर धरणाच्या परिसरांत द्राक्षांचे मळे आहेत, त्या मळ्यांतच वाइन तयार होते, आणि येणाऱ्यास ती थोडी थोडी चाखावयास मिळते. घरांतील तरुण मंडळी निघालीं म्हणजे वडील माणसें एक तर रागावतात, नाहीं तर तोंड फिरवितात. दोहोंनींही कांहीं साधत नाहीं. त्यापेक्षां तेथें काय असतें व तेथें कसें वागावें, हें समजून घेतलेलें बरें. माझें सांगणें एका वाक्यांत असें आहे : चाखणें आणि पिणें हीं दोन निराळीं क्रियापदें आहेत, त्यांतील भेद जो राखील त्यानें जावें, ज्याला तो राखतां येत नाहीं त्यानें घरीं बसावें.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर करूं. आपल्या शहरांतून ‘वाइन शॉप’ अशी पाटी लावलेल्या दुकानांत व्हिस्की, रम असलीं कडक मद्येंच मुख्यतः विकलीं जातात. त्यामुळें वाइन म्हणजे कोणतीही दारू असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः वाइन म्हणजे आंबवलेला द्राक्षरस. तो ऊर्ध्वपातन करून कडक केलेला नसतो. ही वस्तु आपल्याला अगदींच परकी आहे असेंही नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत द्राक्षाच्या मद्याला ‘मधु’ असें नांव दिलें असून, ‘कापिशायन’ व ‘हारहूरक’ हीं त्याचीं नांवें देशांवरून पडल्याचें तो सांगतो. मद्याला मातीचें नांव देण्याची पद्धत म्हणजे जुनीच.

अलीकडच्या काळांत महाराष्ट्रांत ह्या धंद्याचा पाया १९८० च्या दशकांत नारायणगांव येथें श्यामराव चौगुले ह्यांनीं घातला. पुढें राजीव सामंत हे अमेरिकेंतील नोकरी सोडून आले आणि त्यांनीं नाशिकजवळ आपल्या मातुःश्रींच्या सुलभा ह्या नांवावरून ‘सुला’ ही वायनरी काढली. तिची पहिली वाइन २००० सालीं बाजारांत आली. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेस उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें, आणि नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें ह्या उद्योगासाठीं जागा राखून दिल्या. २००५ सालीं सुलानें पाहुण्यांसाठीं चाखण्याचें दालन उघडलें, आणि तेव्हांपासून ह्या रविवारच्या सहलींना वळण लागलें. आज यॉर्क, इगतपुरी तालुक्यांतील ग्रोव्हर झाम्पा, आणि तिकडे सोलापूर जिल्ह्यांत अकलूजजवळ फ्रातेल्ली अशा अनेक ठिकाणीं पाहुण्यांचें स्वागत होतें.

मला ह्या वाटेनें नेलें तें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें. दिंडोरी तालुक्यांत त्याची वाइनच्या द्राक्षांची बाग आहे. फेब्रुवारी महिन्यांतील सकाळ होती. त्यानें एक घड तोडून माझ्या हातीं दिला व म्हणाला, “गुरुजी, हीं खाऊन पाहा.” द्राक्षें बारीक, काळपट, जाड सालीचीं, प्रत्येकांत बिया. मला वाटलें, आंबट असतील. पण तीं विलक्षण गोड निघालीं, आणि मागाहून जिभेवर तुरटपणा राहिला. तो म्हणाला, “हा तुरटपणाच पुढें वाइनला आधार देतो. थॉमसनचीं द्राक्षें खायला छान, पण त्यांत हें नाहीं.” सॉव्हिन्यों ब्लाँ, शेनिन ब्लाँ, शिराझ, काबर्ने सॉव्हिन्यों ह्या मूळच्या फ्रान्सकडील जाती आतां नाशिकच्या मातींत रुजल्या आहेत.

युरोपांत हिवाळ्यांत वेल झोंपी जाते आणि द्राक्षें शरदांत तोडतात. आपल्याकडे वेलीला तशी झोंप मिळत नाहीं. म्हणून तिची दोनदां छाटणी करावी लागते. उन्हाळ्याच्या आरंभीं खरड छाटणी, आणि पावसाळा सरतांना फळासाठीं गोडी छाटणी. मग थंडींत दिवसा ऊन व रात्रीं गारवा मिळून फळ पिकतें, आणि जानेवारी ते मार्च ह्या काळांत तोडणी होते. पाहावयास जाणाऱ्यानें म्हणूनच हे महिने निवडावे; जून-जुलैंत गेल्यास हिरवा पाला दिसेल, पण घड दिसणार नाहीं.

वायनरीच्या आंत जें घडतें तें शाळेंतील रसायनशास्त्राच्या पहिल्या धड्याइतकें सोपें आहे. द्राक्षरसांतील साखर यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव खातात, आणि तिचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड असे दोन पदार्थ होतात. हें कार्य जिवंत यीस्टचें आहे, हें लुई पाश्चर ह्यांनीं एकोणिसाव्या शतकांत सिद्ध केलें. एका लिटर रसांत सुमारें १७ ग्रॅम साखर आंबली म्हणजे शेंकडा १ मद्यार्क तयार होतो. म्हणजे लिटरला २२० ग्रॅम साखर असली तर सुमारें १३ टक्के. पांढऱ्या वाइनसाठीं द्राक्षें दाबून साल बाजूस काढतात व रस १२ ते १८ अंशांच्या थंडाव्यांत पोलादी टाक्यांतून आंबवतात. तांबड्या वाइनसाठीं साल रसांतच ठेवतात, कारण रंग व तुरटपणा सालींत असतो. तेथें उष्णमान २५ ते ३० अंश चालतें. कांहीं वाइन पुढें ओक लाकडाच्या, बहुधा २२५ लिटरच्या, पिंपांतून मुरत ठेवतात.

आतां चाखण्याकडे वळूं. पेल्यांत दोन घोटच ओततात. क्रम असा कीं, आधीं पांढरी, मग गुलाबी, मग तांबडी, आणि गोड असेल ती शेवटीं. कारण गोडीनंतर जीभ बोथट होते. पेला दांडीला धरावा, नाहीं तर तळहाताच्या उबेनें वाइन तापते. प्रथम पेला पांढऱ्या कापडासमोर तिरपा धरून रंग पाहावा. नंतर पेला हळू फिरवून वास घ्यावा. जिभेला गोड, आंबट, कडू, खारट अशा मोजक्याच चवी कळतात. बाकीचें सारें नाकाचें काम आहे. सॉव्हिन्यों ब्लाँमध्यें पेरूचा वा कापलेल्या गवताचा, तर शिराझमध्यें मिऱ्यांचा वास येतो. शेवटीं एक लहान घोट तोंडांत सर्वत्र फिरवावा, आणि मग पिकदाणींत थुंकून टाकावा.

हें शेवटचें ऐकून मी थबकलों होतों. चारचौघांत थुंकावें कसें? पण तेथील पेले भरणारी मुलगी म्हणाली, “आजोबा, परीक्षक असेंच करतात, नाहीं तर दिवसाला साठ वाइन ते तपासतील कसे?” मीं पांच चाखल्या आणि पांचही पिकदाणींत टाकल्या. जिभेनें जें शिकावयाचें तें शिकून झालें होतें. पोटाला शिकण्यासारखें त्यांत कांहीं उरलें नव्हतें.

ज्यांना थुंकणें जमत नाहीं, त्यांच्यासाठीं थोडें अंकगणित. एका पेल्यांत ३० मिलिलिटर, असे पांच पेले म्हणजे १५० मिलिलिटर. १३ टक्क्यांप्रमाणें त्यांत १९.५ मिलिलिटर, म्हणजे सुमारें १५ ग्रॅम शुद्ध मद्यार्क झाला. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगांत तो सुमारें १० ग्रॅम असतो. म्हणजे ‘नुसतें चाखलें’ म्हणणाऱ्यानें दीड पेग घेतला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असणें गुन्हा आहे. रिकाम्या पोटीं घेतलेले हे पांच पेले बेताच्या बांध्याच्या माणसाला ती मर्यादा ओलांडावयास लावूं शकतात. आणि परतीची वाट कसारा घाटाची! म्हणून गाडी हांकणाऱ्यानें पेल्याला हात लावूं नये, किंवा मंडळींनीं रात्रीं तेथेंच मुक्काम करावा. वाइन प्रकृतीला हितकर आहे ही समजूतही सोडून द्यावी. मद्याचें कोणतेंही प्रमाण निर्धोक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे.

मग जावेंच कशाला, असें आपण विचाराल. मी म्हणतों, शेतकऱ्यासाठीं. खाण्याचें द्राक्ष एका व्यापाऱ्यानें नाकारलें तर दुसरा घेतो, अगदींच अडलें तर त्याचा बेदाणा होतो. वाइनचें बारीक, बियांचें द्राक्ष वायनरीनें घेतलें नाहीं तर बाजारांत त्याला कोणी विचारीत नाहीं. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी खालावली, तेव्हां नाशिककडील कित्येक शेतकऱ्यांनीं वाढलेल्या वेली उपटून टाकल्या. माझ्या विद्यार्थ्याच्या चुलत्यानेंही आपली दोन एकर बाग तोडली. ती रिकामी जागा दाखवितांना तो म्हणाला, “गुरुजी, लोक बाटली पाहतात, बाग कोणी पाहत नाहीं.”

हें वाक्य माझ्या मनांत रुतून बसलें आहे. जो बाटलीकडे पाहतो तो पितो. जो बागेकडे पाहतो तो चाखतो. पहिल्याला पेला संपला कीं दुसरा हवा असतो, दुसऱ्याला एका घोटांत माती, पाऊस, छाटणी आणि माणसाचे कष्ट ओळखावयाचे असतात. ज्या मुलांचीं पुस्तकें बाटलींत गेलीं, त्यांच्या बापांना हा भेद कोणी शिकविला नव्हता. शिकविला असता तरी ते सावरले असतेच असें मी म्हणत नाहीं. परंतु आपल्या घरांतून जे उद्यां नाशिकच्या वाटेला लागणार आहेत, त्यांना तो निघण्यापूर्वीं सांगणें हें आपलें काम आहे. तेवढें आज मीं केलें.