५०२ चा बोलविता धनी

ज्या सर्व्हरवर आपला कसलाही अधिकार चालत नाही अशा परक्या सर्व्हरकडे, आपल्या दारी आलेल्या विनंत्या परस्पर रवाना करण्याचे काम एनजिन्क्ससारख्या रिव्हर्स प्रॉक्सीकडे सोपविले, आणि पडद्यावर ५०२ हा आकडा झळकला, म्हणजे पाहणाऱ्याचा निष्कर्ष बहुधा ठरलेला असतो: पलीकडचा सर्व्हर बंद पडला. मग तिकडे तक्रार रुजू होते, 'आमच्याकडे सर्व सुरळीत आहे' असे ठराविक उत्तर येते, आणि दोन्ही पक्ष एकमेकांना खोटे ठरवीत बसतात. वस्तुतः ५०२ हा सहसा पलीकडच्याचा जबाब नसतोच. तो मधल्या प्रॉक्सीने स्वतःच्या सहीने दिलेला दाखला असतो, आणि त्यात इतकेच नमूद असते, की वरच्या सर्व्हरकडून ग्राह्य असे उत्तर मिळाले नाही. का मिळाले नाही, हे एरर लॉगमध्ये वाचावे लागते. (पलीकडच्याच एखाद्या गेटवेने ५०२ दिला आणि आपल्या प्रॉक्सीने तो निमूटपणे पुढे केला, असेही घडते; पण तेव्हा आपल्या एरर लॉगमध्ये त्याची नोंद सापडत नाही.)

त्या लॉगमध्ये 'पर्मिशन डिनाइड' आणि त्याच्या आधी १३ हा आकडा दिसला, तर विनंती आपल्या यंत्राचा उंबरठासुद्धा ओलांडू शकलेली नाही असे समजावे. रेड हॅट कुळातील लिनक्सवर एसईलिनक्स ही पहारेदार यंत्रणा वेब सर्व्हरला बाहेर जोडणी करू देत नाही. 'एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट' ही एक परवानगी दिली की काम भागते. त्यासाठी सगळी यंत्रणाच बंद करून टाकण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो आळसाचा आहे.

सर्वांत हट्टी गैरसमज प्रमाणपत्राविषयीचा. एचटीटीपीएसच्या जोडणीत हँडशेक मोडला, की 'त्यांचे प्रमाणपत्र मुदतबाह्य झाले असावे' असा तर्क केला जातो. परंतु 'प्रॉक्सी_एसएसएल_व्हेरिफाय' हा निर्देश आपण होऊन चालू केल्यावाचून एनजिन्क्स पलीकडच्याचे प्रमाणपत्र मुळी पडताळूनच पाहत नाही. मुदत संपलेले असो की भलत्याच्या नावाचे, त्याला ते चालते. (ही ढिलाई चिंताजनक आहे, पण तो विषय निराळा.) खरी मेख बहुधा नावात असते. एखाद्या जुन्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदावीत तशा आज एकाच आयपी पत्त्यावर असंख्य साइट नांदतात, आणि आपल्याला नेमके कोणाकडे जायचे आहे हे टीएलएसच्या पहिल्याच संदेशात, एसएनआय नावाच्या रकान्यात, सांगावे लागते. ब्राउझर ते सांगतो, कर्लही सांगतो. एनजिन्क्स मात्र 'प्रॉक्सी_एसएसएल_सर्व्हर_नेम ऑन' असा स्पष्ट हुकूम दिल्याशिवाय ते नाव उच्चारीत नाही. म्हणूनच त्याच यंत्रावरून कर्लला बिनतक्रार उत्तर मिळते आणि एनजिन्क्समार्फत जाताच ५०२ येतो. अशा वेळी लॉगमध्ये 'एसएसएलव्ही३ अलर्ट हँडशेक फेल्युअर' असे शब्द आणि ४० हा अलर्ट-क्रमांक दिसतो. ते वाचून काही मंडळी कालबाह्य एसएसएल आवृत्तीच्या शोधात निघतात, पण तो केवळ ओपनएसएसएलने पुष्कळ वर्षे जपलेला नावाचा अवशेष आहे. शंका फेडायचीच तर ओपनएसएसएलचा 'एस_क्लायंट' एकदा 'सर्व्हरनेम' देऊन आणि एकदा 'नोसर्व्हरनेम' देऊन चालवून पाहावा; पहिली जोडणी जुळली आणि दुसरी तुटली, की तपास संपला.

विनंतीच्या पोटातही एक नाव असते, होस्ट हेडरचे. 'प्रॉक्सी_सेट_हेडर होस्ट $होस्ट' ही ओळ प्रत्येक कॉन्फिगमध्ये असलीच पाहिजे, अशी समजूत एका फाइलमधून दुसरीत उतरवीत आलेल्या पिढीजात नकलांनी दृढ केली आहे. आपल्याच घरच्या ॲप्लिकेशनला मूळ डोमेनचे नाव हवे असते, म्हणून तेथे ती योग्य. परक्या सर्व्हरला मात्र आपले डोमेन सांगितले, तर तो ४०४, ४०३ वा ४२१ देऊन परत पाठवितो, आणि त्याच्या बाजूने ते रास्तच आहे. ती ओळ गाळली, तर एनजिन्क्स प्रॉक्सी_पासमध्ये लिहिलेलेच नाव पाठवितो. मात्र तेथे 'बॅकएंड' अशा एखाद्या अपस्ट्रीम गटाचे नाव लिहिले असेल, तर होस्ट आणि एसएनआय या दोन्ही ठिकाणी तेच निरर्थक नाव जाते; तेव्हा खरे नाव दोहोंकडे हाताने लिहिणे प्राप्त आहे.

काल चालत होते, आज बिघडले, आणि रीलोड करताच सुधारले, असा अनुभव आला तर डीएनएसकडे पाहावे. प्रॉक्सी_पासमध्ये सरळ लिहिलेल्या नावाचा पत्ता एनजिन्क्स सुरू होताना किंवा रीलोडच्या वेळी एकदाच विचारतो, आणि पलीकडच्याने बिऱ्हाड हलविले तरी जुन्याच पत्त्यावर विनंत्या पाठवीत राहतो. नाव व्हेरिएबलमध्ये ठेवून 'रिझॉल्व्हर' नेमून दिला, की हा दोष जातो; १.२७.३ या आवृत्तीपासून मोफत एनजिन्क्समध्येही अपस्ट्रीम गटातल्या सर्व्हरला 'रिझॉल्व्ह' लावता येते. रोज रात्री क्रॉनने रीलोड करण्याचा तोडगा मात्र दुखणे झाकतो.

५०४ चा मामला वेगळा. 'प्रॉक्सी_रीड_टाइमआउट'चे ६० सेकंद म्हणजे संपूर्ण उत्तराची मुदत, असे अनेकांना वाटते. ती मुदत लागोपाठच्या दोन वाचनांमधली आहे, त्यामुळे थेंबथेंब येणारे उत्तर तासभर चालले तरी ५०४ येत नाही. याहून धोक्याची समजूत अशी, की ५०४ आला म्हणजे काम झालेच नाही. प्रॉक्सीने वाट पाहणे सोडले, एवढेच त्यातून सिद्ध होते. पैसे वळते करण्याची पोस्ट विनंती पलीकडे पोहोचून अमलातही आलेली असू शकते. १.९.१३ पासून एनजिन्क्स स्वतः अशी एकदा रवाना झालेली विनंती, परवानगीवाचून, दुसऱ्या सर्व्हरकडे पुन्हा धाडीत नाही. ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यानेही तीच सावधगिरी बाळगावी: आधी व्यवहार-क्रमांक देऊन पलीकडे स्थिती विचारावी, आणि तेथे नोंद नाही असे उत्तर आले, तरच विनंती पुन्हा पाठवावी.