लॅपटॉप सारखा बंद पडतोय? मदरबोर्ड बदलण्याआधी सेटिंग पाहा

एप्रिल संपत आला होता. वरच्या मजल्यावरच्या पत्र्याच्या खोलीत माझी धाकटी मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट लिहीत होती. जमा करायला चार दिवस उरलेले. तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "अब्बा, पुन्हा निळा पडदा!" त्या दिवसातली ती तिसरी वेळ.

लॅपटॉप सेकंडहँड, वर्षापूर्वी १८ हजारांना घेतलेला. दुरुस्तीच्या दुकानात दहा मिनिटांत निदान झाले, "मदरबोर्ड गेलाय. साडेनऊ हजार लागतील." मुलीची अम्मी म्हणाली, "भिशीचे पैसे आहेत, देऊन टाका. तिचं वर्ष वाया नको." मीही जवळपास तयार झालो होतो.

त्याच संध्याकाळी भाचा घरी आला. वाळूजच्या एका कंपनीत तो संगणकांची देखभाल करतो. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मामू, हा आधी कोणाकडे होता?" गेम खेळणाऱ्या एका मुलाकडे. भाच्याने लॅपटॉपसोबत आपोआप सुरू होणारे प्रोग्राम तपासले, तर प्रोसेसरचा व्होल्टेज कमी करणारा एक छोटा प्रोग्राम सापडला. लॅपटॉप गार राहावा म्हणून आधीच्या मालकाने तो बसवला असणार. पण व्होल्टेज गरजेपेक्षा खाली गेला होता. साधे टायपिंग चालायचे. व्हिडिओ कॉल आणि दहा टॅब एकदम उघडले की प्रोसेसर चुकायचा आणि निळा पडदा यायचा. भाच्याने प्रोग्राम काढला, लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला. त्या रात्रीपासून निळा पडदा आला नाही.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता लॅपटॉप निळा पडदाही न दाखवता एकदम काळा पडला. हे दुखणे वेगळे होते.

प्रोसेसर एवढा तापतो का?

आजचा प्रोसेसर एकाच वेगाने चालत नाही. काम कमी असेल तेव्हा तो हळू चालतो, काम वाढले की थोडा वेळ जास्त व्होल्टेज घेऊन वेग वाढवतो. याला टर्बो म्हणतात. वेग वाढला की उष्णताही वाढते. बहुतेक लॅपटॉपच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिच्या जवळ गेला की तो आपणहून वेग कमी करतो. तरीही तापत राहिला तर जळू नये म्हणून मशीन बंद करतो.

आपल्या शहराला ही गोष्ट नवी नाही. मलिक अंबरच्या काळापासून इथे मातीच्या नळांतून दुरून पाणी आणले गेले. वाटेत उंच मनोरे बांधून नळांतला दाब सांभाळला गेला, नाहीतर नळ फुटले असते. लॅपटॉपचा पंखा आणि जाळी तेच काम उष्णतेसाठी करतात. आमच्या लॅपटॉपची जाळी धुळीने बंद होती, खाली गोधडी होती, वर तापलेला पत्रा होता आणि बाहेर चाळीस अंशांच्या वरचा उन्हाळा होता. उष्णता जाणार कुठे?

दुखणे ओळखावे कसे?

निळा पडदा येऊन लॅपटॉप पुन्हा सुरू होत असेल, तर व्होल्टेजची छेडछाड, ड्रायव्हर किंवा रॅम यांवर संशय घ्या. पडद्यावरचा कोड मोबाइलने टिपून ठेवा. दुपारीच, जड काम करताना, पंखा जोरात फिरत असताना मशीन एकदम काळे पडत असेल, तर बहुधा उष्णता. थंड असतानाही, चार्जर हलवला की बंद पडत असेल, तर आधी चार्जर आणि बॅटरी पाहा.

विंडोजच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' असे इंग्रजीत लिहिले की कोणत्या दिवशी काय बिघडले याचा तक्ता दिसतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसले की लोक घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद झाले. कारण त्यात लिहिलेले नसते.

घरीच काय करता येईल?

आधी महत्त्वाच्या फाइल पेनड्राइव्हवर घ्या. वेग किंवा व्होल्टेज बदलणारे प्रोग्राम काढून टाका. मग कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज आणि त्यात प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट उघडा. 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ टक्के करा. बॅटरी आणि चार्जर या दोन्हींसाठी करा. हा एक टक्का दिसायला किरकोळ आहे, पण बहुतेक लॅपटॉपमध्ये त्याने टर्बो बंद होतो. मोठे काम थोडे हळू होईल, लिखाण आणि ब्राउझिंगमध्ये फरक फारसा जाणवणार नाही. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. तिथे सेटिंग्जमधला पॉवर मोड बॅटरी वाचवणाऱ्या पर्यायावर ठेवा.

यानंतर बंद पडणे थांबले, तर मदरबोर्ड नव्हे, उष्णता हाच दोषी समजा आणि सफाई करून घ्या. लॅपटॉप बंद करून जाळी मऊ ब्रशने साफ करा. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट मात्र जाणकाराकडूनच बदला. लॅपटॉप पाटावर किंवा टेबलावर ठेवा. पाण्याच्या कूलरच्या थेट झोताखाली ठेवू नका, ओल्या हवेचे थेंब आत जातात. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल तर बॅटरी फुगली असू शकते. वापर आणि चार्जिंग लगेच थांबवा.

बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारी मूळ व्यवस्था, अपडेट करायची तर फाइल कंपनीच्याच वेबसाइटवरून घ्या आणि चार्जर लावून ठेवा. त्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. अपडेटनंतर लॅपटॉपने ती मागितली आणि ती सापडली नाही, तर आपल्याच फाइल आपल्याला उघडता येणार नाहीत.

मोठ्या कंपनीलाही चुकते

व्होल्टेजचा गोंधळ फक्त हौशी मुलेच करतात असे नाही. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की त्यांच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्यामुळे संगणक वारंवार बंद पडत होते. ऑगस्टमध्ये बायोसमार्फत दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण आधीच खराब झालेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही. घरी असा डेस्कटॉप असेल, तर बायोस अपडेट आजच तपासा.

आमचा खर्च सफाई आणि पेस्टचे साडेचारशे रुपये झाला. प्रोजेक्ट अल्हम्दुलिल्लाह वेळेवर जमा झाला आणि लॅपटॉप अजून चालतो आहे. दुकानदार खोटे बोलला असे मी म्हणणार नाही; गर्दीच्या दुकानात पार्ट बदलणे सोपे असते, कारण शोधायला वेळ लागतो. पण दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ आपण स्वतः दिली, तर भिशीचे पैसे घरातच राहू शकतात. आणि सेकंडहँड लॅपटॉप घेतलात, तर पहिल्याच दिवशी विचारा, "हा आधी कोणाकडे होता?"