चांद्याचा परकोट

गोंदियाहून बल्लारशाकडे जाताना 'चांदा फोर्ट' स्थानक लागते. हा किल्ला डोंगरावरचा नव्हे; इरई-झरपट नद्यांच्या काठी गोंड राजांनी वसविलेल्या नगराभोवतीचा तो परकोट होय. त्याला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अंचलेश्वर असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत.

आज चंद्रपूर कोळशाचे व विजेचे शहर झाले, आणि जटपुरा दरवाजापाशी वाहनांची कोंडी होते. कोरियातील सुवोनचा तट १७९६ साली पुरा झाला. तेथील एका दरवाजालगतची भिंत रस्त्यांपायी गेली आणि दरवाजा चौकात एकाकी उरला. चांद्यात मात्र २०१७ पासून तरुणांनी श्रमदानाने तटावरील झुडपे काढली. भिंत पाडल्यास वाट रुंद होईल खरी. पण पाडलेली भिंत पुन्हा गोंडांची होणार नाही.