आवाज ऐकू येतात तेव्हा

परगावी शिकणाऱ्या मुलाची चौकशी बहुतेक घरांत ठरावीक प्रश्नांनी होते. जेवण कसे आहे, खोलीवर पाणी येते का, परीक्षा केव्हा आहे, पैसे पुरतात ना. मुलेही ठरावीक उत्तरे देतात आणि फोन ठेवला जातो. 'तुला झोप लागते का?' हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. किंबहुना तो विचारण्याजोगा आहे असेच कोणाला वाटत नाही. मनाच्या काही गंभीर आजारांची पहिली चाहूल मात्र अनेकदा उडालेल्या झोपेतूनच लागते. ती लागण्याचे वयही बहुधा सोळा-सतरापासून पंचविशीपर्यंतचे असते. म्हणजे ज्या वयात मूल प्रथमच घरापासून दूर गेलेले असते, नेमके तेच.

अशा एका तरुणाची येथे कल्पना करावी. ही कोणा एकाची हकिकत नव्हे. अशा आजाराची सुरुवात ज्या रीतीने होते, तिच्यावरून बेतलेले हे चित्र आहे. मुलगा सांगली जिल्ह्यातील. वडिलांनी बँकेतून शैक्षणिक कर्ज काढून त्याला बेंगळुरूला अभियांत्रिकीसाठी पाठविले आहे. दुसऱ्या वर्षी त्याची झोप दोन-तीन तासांवर येते. वर्गातील मुले आपल्याविषयीच कुजबुजतात, असे त्याला वाटू लागते. पुढे दूरदर्शनवरील बातम्यांतही आपल्यालाच उद्देशून काही सुचविले जात असल्याचा संशय येतो. आणि एका रात्री, खोलीत कोणी नसताना, स्पष्ट आवाज ऐकू येतो. 'आता हा उठला. आता हा पाणी पिणार.' तो दार उघडून पाहतो. व्हरांडा रिकामा असतो.

या अवस्थेतील भीती दुहेरी असते. एक भीती त्या आवाजाची आणि दुसरी, आपण वेडे होत आहोत की काय, ही. सुरुवातीच्या काळात मनाचा एक भाग बहुधा शाबूत असतो. हे जे घडते आहे ते बरोबर नाही, एवढे त्याला कळत असते. मदत मागण्याची शक्यता याच काळात सर्वाधिक असते. परंतु याच काळात तोंडही सर्वांत घट्ट मिटलेले असते. मित्रांना कळले तर ते हसतील, महाविद्यालयाला कळले तर नाव काढून टाकतील, आणि वर्ष वाया गेले तर बाबा कर्ज कसे फेडणार? हा शेवटचा विचार अनेक मध्यमवर्गीय मुलांना त्या आवाजाइतकाच छळतो.

अखेरीस तो इंदूरला दिलेल्या थोरल्या बहिणीला फोन करतो. "ताई, मला काहीतरी होतंय. बाबांना सांगू नकोस."

या एका वाक्यामागे कित्येक आठवड्यांची तयारी असते, हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणूनच मायेपोटी चुकीचे उत्तर दिले जाण्याचा संभव फार. "अरे, अभ्यासाचा ताण आला असेल, नीट झोप काढ," असे म्हटले की बोलणारा गप्प होतो. "कोणी बोलत नाही तुझ्याविषयी, मनाचे खेळ आहेत सगळे," असा वाद घातला तरी तेच होते. कारण तो आवाज त्याच्या कानाला खराच ऐकू येत असतो. अर्थात त्याच्या संशयाला होकार देणेही योग्य नाही. मधला मार्ग साधा आहे. ताईने म्हणावे, "मला ते ऐकू येत नाही, पण तुला येतंय, म्हणजे तू किती घाबरला असशील! किती दिवस झाले? आज काही खाल्लंस का? आत्ता जवळ कोण आहे?"

याच संभाषणात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो आणि तो विचारताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. "जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का? तो आवाज तुला काही करायला सांगतो का?" असे थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, हा समज चुकीचा आहे. उलट विचारल्याने बोलणाऱ्याचा भार हलका होतो आणि धोका किती आहे ते ऐकणाऱ्यास कळते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडायचे नाही. खोलीतील मित्राला, वसतिगृहाच्या अधीक्षकाला त्याच्याजवळ बसवावे आणि त्याच रात्री रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे. ११२ हा तातडीचा क्रमांक देशभर चालतो.

केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास व विनामूल्य उपलब्ध असून मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. परप्रांतात शिकणाऱ्या मुलाला ही सोय विशेष मोलाची आहे. भीती ही मातृभाषेतच नीट सांगता येते. तोडक्या इंग्रजीत 'टेन्शन' यापलीकडे शब्द सापडत नाही.

प्रश्न वेळेचा आहे. लक्षणे सुरू झाल्यापासून योग्य उपचार मिळेपर्यंतचा काळ जितका लांबतो, तितके बरे होणे कठीण होते, असे जगभरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. बँकेच्या परिभाषेत सांगायचे तर कर्जखाते नव्वद दिवसांच्या थकबाकीनंतर अनुत्पादक ठरते खरे, पण ते आजारी पडू लागल्याची चिन्हे कुशल शाखाधिकाऱ्याला कितीतरी आधी दिसतात. मनाच्या बाबतीत ही नजर आपल्या समाजाने अद्याप कमावलेली नाही. बेंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, असे त्यातून निष्पन्न झाले.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. भीतिदायक लक्षण म्हणजे लगेच स्किझोफ्रेनिया, असे समीकरण मांडणे चुकीचे आहे. एकाएकी छाती धडधडणे, श्वास कोंडणे, आता मरणार असे वाटणे हा 'पॅनिक अ‍ॅटॅक' असू शकतो. काही मिनिटांत तो शिगेला पोहोचतो आणि ओसरतो. रुग्ण हृदयविकाराच्या भीतीने इस्पितळ गाठतो आणि हृदयाचा आलेख निर्दोष निघतो. कोणाच्या मनात देवाविषयी अभद्र किंवा आईला इजा करण्याचे विचार इच्छा नसताना घुसतात आणि तो स्वतःलाच राक्षस समजू लागतो. तो बहुधा मंत्रचळाचा आजार असतो. थायरॉइडचा विकार, अपस्मार, मेंदूचा दाह, काही औषधे आणि गांजासारखे व्यसन यांमुळेही भास होऊ शकतात. तीव्र नैराश्यात किंवा उन्मादातही आवाज ऐकू येतात. हा निवाडा घरी बसून करता येत नाही. म्हणूनच मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या भेटीत रक्ताच्या तपासण्या सुचवितात, व्यसनाविषयी स्पष्ट विचारतात, घराण्यात कोणास असा त्रास होता का याची चौकशी करतात. पुष्कळांना वाटते तसे तेथे विजेचे झटके तयार ठेवलेले नसतात. पहिल्या भेटीचा बराचसा वेळ केवळ बोलण्यात जातो.

चित्रपटांनी या विषयाकडे लक्ष वेधले, तसे काही गैरसमजही दृढ केले. गणितज्ञ जॉन नॅश यांच्यावरील गाजलेल्या हॉलिवूडपटात त्यांना काल्पनिक माणसे डोळ्यांसमोर दिसतात. प्रत्यक्षात त्यांना प्रामुख्याने आवाज ऐकू येत. त्या मानाने मराठीतील 'देवराई' (२००४) हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट अधिक संयत म्हणावा लागेल. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेल्या शेषइतकीच त्यात त्याच्या बहिणीची फरफट दिसते. सांभाळणारा माणूस किती थकतो, हे दाखविणारी कलाकृती विरळाच.

कुटुंबाला उपचारात सामील करून घेण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. आजार म्हणजे काय, औषध कसे द्यायचे, रुग्णाशी कसे बोलायचे हे नातलग तेथे शिकले आणि रुग्ण लवकर घरी परतू लागले. रुग्णाला कोंडून आप्तांपासून तोडण्याच्या त्या काळात हा प्रयोग क्रांतिकारक होता.

याची दुसरी बाजू विसरता येणार नाही. 'बाहेरचे काही झाले असेल' म्हणून देवऋषी, मांत्रिक, अंगारे-धुपारे यांत आजही महिनेच्या महिने जातात. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण जळून मृत्युमुखी पडले; साखळदंडांनी जखडलेले असल्याने त्यांना पळता आले नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला आहे. घरातील वडीलधाऱ्यांची श्रद्धा मोडण्याची मात्र गरज नाही. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' या सूत्राने प्रार्थनेसोबत मानसोपचारही उपलब्ध करून दिले गेले. आजीने नवस बोलावा आणि नातवाने गोळी घ्यावी, यात विरोध नाही.

कल्पनेतील त्या तरुणाला बेंगळुरूतच 'निम्हान्स' जवळ आहे. परंतु प्रत्येकाला मोठ्या संस्थेतच जावे लागते असे नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो. १९९६ पासून टप्प्याटप्प्याने राबविल्या गेलेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे अनेक जिल्हा रुग्णालयांतही ही सोय झाली आहे. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

औषधे सुरू झाल्यावर पहिला गुण बहुधा झोपेला येतो. आवाज क्षीण होण्यास काही आठवडे लागू शकतात आणि नेमक्या याच काळात दुष्परिणाम जाणवतात: सुस्ती, तोंडाला कोरड, हातापायांत ताठरपणा, पुढे वजनवाढ. ते डॉक्टरांना सांगावेत. मात्रा किंवा औषध बदलता येते. बरे वाटू लागताच गोळ्या परस्पर बंद करणे मात्र घातक ठरते. अमेरिकेतील कायद्याच्या प्राध्यापिका एलिन सॅक्स यांना ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना या आजाराने ग्रासले होते. औषधे सोडून पाहण्याचा प्रयत्न आपण वारंवार केला आणि दरवेळी आजार उलटला, असे त्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात प्रांजळपणे लिहिले आहे. त्याच सॅक्स पुढे विद्यापीठात अध्यापन करू लागल्या आणि २००९ मध्ये त्यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. सर्वांनाच अशी झेप शक्य नसते, हेही खरे. काहींचा आजार एकदाच येऊन जातो, काहींचा परत परत येतो, काहींना आयुष्यभर औषध घ्यावे लागते. पहिल्याच महिन्यात भविष्य विचारणाऱ्या पित्याला कोणताही प्रामाणिक डॉक्टर ठाम उत्तर देणार नाही.

महाविद्यालयाला कळेल, या भीतीविषयी कायदा स्पष्ट आहे. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाला आपल्या आजाराची व उपचारांची माहिती गोपनीय राखली जाण्याचा हक्क आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे हा कायदा गृहीत धरतो. तसेच शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही वैद्यकीय विम्याचे संरक्षण देणे त्याने विमा कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. तथापि, बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच खर्च देतात. बाह्यरुग्ण विभागातील भेटी व गोळ्या यांचा खर्च त्यात येतो की नाही, हे पॉलिसीची कागदपत्रे वाचून आधीच पाहून ठेवावे.

राहता राहिला कर्जाचा प्रश्न, ज्याच्या धास्तीने तो मुलगा इतके आठवडे गप्प राहिला. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत, विद्यार्थी ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण करू शकला नाही तर त्याला कमाल दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ देता येईल, अशी तरतूद आहे. परतफेडीचे हप्ते त्यानुसार पुढे जातात. व्याज मात्र चालू राहते. निर्णय मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचा असतो. त्यामुळे वर्ष बुडणार असे दिसताच वडिलांनी महाविद्यालयाचे पत्र आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन शाखेत यावे. हप्ते थकण्याची वाट पाहू नये. अर्ज टेबलावर आला, की मुलाला काय झाले याची चारचौघांत विचारपूस न करता तो पुढे पाठविणे, एवढे काम शाखेतील कर्मचाऱ्याचे.