बंद दाराआडचा पाव

पावाचा एक तुकडा आणि घोटभर पाणी. पाव ख्रिस्ती माणसाने भाजलेला, पाणी मुसलमानाच्या हातचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईतल्या परमहंस मंडळीत शिरायचं, तर जातिभेद पाळणार नाही अशी शपथ घेऊन एवढं खावं-प्यावं लागे. ही मंडळी म्हणजे आपल्याकडची गुप्तमंडळीच होती. तिच्याजवळ ना तलवार होती, ना राज्य उलथवायचा बेत. तिचं सगळं गुपित त्या तुकड्यात होतं.

आज हे वाचून हसू येईल. त्या काळी मात्र पाव खाणं म्हणजे बाटणं. विहिरीत पाव टाकला आणि नकळत पाणी प्यायलेला गाव बाटला, अशा गोष्टी कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. बाटलेल्याला ग्रामण्याला तोंड द्यावं लागे. एकदा वाळीत टाकलं की भटजी दारी येत नसे, न्हावी हात लावत नसे, मुलींची लग्नं अडत आणि घरात मयत झालं तर खांदा द्यायला माणूस मिळत नसे. 1843 मध्ये श्रीपत शेषाद्री हा ब्राह्मण मुलगा काही काळ मिशनऱ्यांकडे राहून आला. त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावं, असं म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांसारख्या मान्यवर विद्वानालाही सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. मग एल्फिन्स्टनमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या विशी-पंचविशीतल्या तरुणांची काय कथा?

मंडळीमागचं डोकं होतं दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं. 1836 साली मराठीचं व्याकरण छापून ‘मराठी भाषेचे पाणिनी’ म्हणवले गेलेले हेच दादोबा. पुढे नोकरीनिमित्त ते सुरतेत होते. तिथे दुर्गाराम मेहताजींबरोबर 22 जून 1844 रोजी त्यांनी मानवधर्म सभा काढली. तिचं कामकाज उघड चाले. मूर्तिपूजा, जातिभेद यांवर वाद होत आणि मंत्रतंत्रवाल्यांना ‘करून दाखवा’ असं आव्हानही दिलं जाई. दादोबा मुंबईला परतले आणि 1849 च्या सुमारास परमहंस मंडळी उभी राहिली. अध्यक्ष होते राम बाळकृष्ण जयकर. सुरतेत जे चव्हाट्यावर बोललं जाई, ते मुंबईत दार लावून सुरू झालं. याचं कारण उघड आहे. सुरतेत नुसता वाद होता, इथे पंक्तिभेद प्रत्यक्ष मोडायचा होता.

सभेच्या आरंभी आणि शेवटी मराठी प्रार्थना होत. त्या दादोबांनीच रचलेल्या. ईश्वर एक, माणसं त्याची लेकरं, म्हणून जात खोटी, असा साधा हिशेब होता. कोणत्याही धर्मावर हल्ला करायचा नाही आणि कोणताही ग्रंथ ईश्वराने धाडलेला व अचूक म्हणून मानायचा नाही, ही दोन पथ्यं. विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण यांनाही पाठिंबा होता. मुंबईबाहेर पुण्यासारख्या ठिकाणी मंडळीची माणसं झाली. रा. गो. भांडारकर विद्यार्थिदशेत इथे येऊन गेले. बाबा पदमनजीही इथलेच. पुढे 1854 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सनातन्यांना जी भीती दाखवायची होती, तिला आयतंच उदाहरण मिळालं.

त्याच मुंबईत, त्याच दशकात गुप्ततेचा दुसराही एक नमुना होता. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना इथल्या इंग्रज फ्रीमेसनांनी आत घेतलं नाही, तेव्हा त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. पुढे 1843 मध्ये जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने हिंदी लोकांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघालं. फ्रीमेसनांच्याही शपथा आणि खुणा गुप्तच, पण सभासदत्व प्रतिष्ठेचं. ते लपवण्यापेक्षा मिरवण्याकडेच कल. परमहंस मंडळीचं नेमकं उलट होतं. तिचे विचार कुणीही ऐकावेत असे होते, लपवायची होती ती नावं.

नाव झाकण्याची ही सवय मंडळीच्या आसपास सगळीकडे दिसते. दादोबांचे बंधू भास्कर पांडुरंग यांनी 1841 मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मधून कंपनी सरकारच्या लुटीवर सडकून टीका केली, ती ‘एक हिंदू’ या सहीने. मंडळीतले तुकाराम तात्या पडवळ यांचं ‘जातिभेद विवेकसार’ 1861 मध्ये आलं, तेही ‘एक हिंदू’ याच नावाने. खुद्द दादोबांचं ‘धर्मविवेचन’ 1843 मध्ये लिहून झालं होतं, ते छापायला 1868 उजाडलं. तेव्हाही लेखक कोण, तर ‘एक जगद्वासी आर्य’.

संख्याबळ पुरेसं झालं की उघड व्हायचं, असा मंडळीचा विचार होता. तो दिवस आलाच नाही. 1860 मध्ये मंडळीचे कागद चोरीला गेले आणि नावं बाहेर पडली. गावभर बोभाटा झाला, सभासद पांगले, मंडळी संपली. एका यादीने दहा वर्षांचं काम बुडवलं. यादीची ही जरब पुढेही टिकून होती. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहापान झालं आणि गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली. त्यातून उठलेल्या ग्रामण्याने रानडे आणि टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या वादात ओढलं.

मंडळी मोडली तरी माणसं होतीच. 31 मार्च 1867 रोजी मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, तो दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने. समाजाचं काम उघड होतं, नावं जाहीर होती, पुढे गिरगावात मंदिरही झालं. फक्त एक गोष्ट मागे पडली. सभासद होण्यासाठी जात सोडण्याची अट समाजाने ठेवली नाही. पावाचा तुकडा गेला, प्रार्थना राहिली.

परमहंस मंडळीला भित्र्यांची टोळी म्हणून मोडीत काढणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. दाराआड का होईना, त्यांनी जे करून पाहिलं ते नंतरच्या उघड सुधारकांनाही झेपलं नाही. तरी त्यांची चूक मूळ ठिकाणीच होती. जात मनात असते, पण पाळली जाते ती चारचौघांत, पंक्तीत आणि पाणवठ्यावर. म्हणून ती मोडायचीही तिथेच. तुकाराम तात्यांच्या त्या निनावी पुस्तकाची दुसरी आवृत्ती 1865 मध्ये पुण्यात निघाली, तेव्हा प्रकाशक म्हणून जोतीराव फुल्यांनी आपलं नाव घातलं. तीन वर्षांनी त्याच फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, भर दिवसा आणि सगळ्या पेठेच्या देखत.