राखीव नक्कल आणि तिची राखण

शेतीला रात्रीच्या पाळीची वीज मिळते, तेव्हा विहिरीवरची मोटर सुरू करून शेतकरी दोनपैकी एक गोष्ट करतो. एकजण बटण दाबतो, मोटरीचा आवाज ऐकतो आणि घरी येऊन घोंगडी पांघरतो. दुसरा हातात बॅटरी आणि खांद्यावर फावडे घेऊन पाटाच्या कडेने शेवटच्या वाफ्यापर्यंत जाऊन येतो. सकाळी पहिल्याला कळते की पाइप मधेच फुटला होता. मोटर रात्रभर चालली, बिल चढले, पाणी मात्र ओढ्याला गेले. मोटरीचा आवाज म्हणजे वाफ्यातले पाणी नव्हे, हे तुम्हांला कुणी शिकवायला नको. संगणकाच्या जगात हीच गोष्ट शहाण्यासुरत्या माणसांनाही ठेच लागल्यावरच कळते. तिच्याविषयी आज बोलायचे आहे.

आपला सातबारा, बँकेतले खाते, शाळेतल्या मुलांच्या नोंदी, गुरुजींच्या पगाराचा हिशेब, हे सगळे आता कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर असते. सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू राहून अनेकांची कामे एकाच वेळी पाहणारा संगणक. त्याची डिस्क बिघडली किंवा कुणाच्या हातून भलतीच आज्ञा गेली, तर नोंदी एका क्षणात पुसल्या जातात. म्हणून त्या नोंदींची एक नक्कल दुसरीकडे ठेवतात. तिलाच बॅकअप म्हणतात. आपण तिला राखीव नक्कल म्हणू.

कचेरीत जाऊन विचारले, “बॅकअप घेता का?” तर उत्तर मिळते, “हो, रोज रात्री आपोआप होतो.” पुष्कळांचे समाधान येथेच होते. पण विचारायला हवे ते पुढेच आहे. नक्कल उतरत असताना ती कुठवर आली, किती वेगाने चालली आहे आणि मधेच अडकली तर कोणाला कळेल, हे कुणी पाहते का?

नक्कल उतरायला वेळ किती लागतो, ते आधी पाहू. हे गणित सातवीच्या वर्गालाही घालता येईल. समजा, सर्व्हरवर ३०० जीबी नोंदी आहेत. एक जीबी म्हणजे ढोबळ मानाने १,००० एमबी. नक्कल सेकंदाला ५० एमबी या वेगाने उतरली, तर ६,००० सेकंद, म्हणजे १ तास ४० मिनिटे लागतील. रात्री अकराला सुरू केली की पाऊण वाजण्याच्या आत काम आटोपले. आता तोच वेग १० एमबीवर आला, तर ३०,००० सेकंद लागतील, म्हणजे ८ तास २० मिनिटे. तेव्हा सकाळचे ७ वाजून २० मिनिटे होतात. लोकांची कामे सुरू होण्याची वेळ येते, तरी नक्कल उतरतेच आहे. कामाचा आणि नकलेचा भार एकाच यंत्रावर पडतो आणि दोन्ही रखडतात. म्हणून नुसते “चालू आहे” एवढे कळून भागत नाही, वेग कळावा लागतो. काल पावणेदोन तासांत झालेले काम आज चार तास झाले तरी संपत नसेल, तर कुठेतरी पाइपाला गळती आहे असे समजावे.

आता पडद्यावर दिसणाऱ्या टक्क्यांविषयी. टक्का हा मोठा लबाड गडी आहे बरे का! तो कशाचा टक्का आहे, हे आधी विचारावे. समजा, १,००० फाइली आहेत. त्यांतल्या ९९० फाइली प्रत्येकी १ एमबीच्या आणि उरलेल्या १० फाइली प्रत्येकी १० जीबीच्या. लहान फाइली आधी उतरल्या, तर फाइलींच्या मोजणीने ९९ टक्के काम झाले असे दिसेल. पण वजनाने पाहाल तर १ टक्काही झालेले नाही! गाडीत ९९० पेंढ्या चढल्या आणि दहा पोती धान्य खालीच राहिले, तर गाडी भरली असे आपण म्हणू का? उलट, बारीक फाइली लाखोंनी असल्या, तर एकेक उघडण्यातच वेळ जातो आणि वजन थोडे असूनही गाडी रखडते. म्हणून फाइली किती आणि एमबी किती, हे दोन्ही आकडे पाहणारा माणूस फसत नाही.

दुसरी अडचण याहून मजेची आहे. आपण वहीची नक्कल उतरून घेत आहोत आणि त्याच वेळी कारकून त्या वहीत नव्या नोंदी लिहितो आहे. मग शेवटचे पान कोणते? सर्व्हर थांबत नाही, म्हणून एकूण काम किती हा आकडाच वाढत जातो. सुरुवातीला काढलेला अंदाज शेवटी चुकतो आणि शंभर टक्के होऊनही काम बाकी राहते. आपल्या जुन्या व्यापारी पेढ्यांवर यावर उपाय होता. रोजच्या व्यवहारांची नोंद आधी रोजकीर्दीत करायची आणि मग ती खतावणीत चढवायची. संगणकातले मोठे नोंदसंग्रह याच रीतीने चालतात. पोस्टग्रेस नावाचा एक प्रसिद्ध नोंदसंग्रह आहे. तो प्रत्येक बदल आधी रोजकीर्दीसारख्या एका वहीत लिहितो. नक्कल घेताना खतावणी उतरवायची आणि उतरवायला लागल्या वेळातली रोजकीर्दीची पाने सोबत जोडायची, म्हणजे दोन्हींचा मेळ बसतो. ती पाने राहिली, तर नक्कल पुरी दिसते पण उपयोगाची नसते.

आता एक घडलेली हकीगत सांगतो. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे काम सांभाळणारी कंपनी. २०१७ सालच्या ३१ जानेवारीची गोष्ट. युरोपात रात्र उलटत होती, आपल्याकडे १ फेब्रुवारीची पहाट होत होती. त्यांच्याकडे नोंदसंग्रहाचा एक मुख्य सर्व्हर होता आणि त्याच्याशी सतत मेळ राखणारा एक दुय्यम सर्व्हर होता. त्या संध्याकाळी भार वाढला, दुय्यम मागे पडला आणि मेळ तुटला. तेव्हा दुय्यमावरचे जुने काढून टाकून मुख्यावरून नवी, संपूर्ण नक्कल उतरवायचे ठरले. एका अनुभवी कामगाराने तशी आज्ञा दिली. एकदोनदा नकार आला. तो दूर केल्यावर आज्ञा चालू झाली आणि मग काहीच नाही. पडद्यावर एक अक्षर उमटेना.

खरे पाहता आज्ञा बिघडलेली नव्हती. मुख्य सर्व्हर पाठवणी सुरू करीपर्यंत ती मुकाट्याने वाट पाहत होती, तिची रीतच तशी. पण हे त्या कामगाराला ठाऊक नव्हते आणि त्यांच्या कामाच्या पुस्तिकेतही लिहिलेले नव्हते. त्याला वाटले, आधीच्या प्रयत्नांत पडलेल्या फाइली आडव्या येत असाव्यात. त्या पुसाव्यात म्हणून त्याने आज्ञा दिली. ती दुय्यमावर द्यायची, ती दिली गेली मुख्यावर! एकदोन सेकंदांत चूक ध्यानात आली, त्याने आज्ञा थांबवली. पण सुमारे ३०० जीबीपैकी अवघे साडेचार जीबी शिल्लक राहिले होते.

श्रोतेहो, माणूस दमलेला होता, रात्र झाली होती, हे खरे. तरी मला येथे त्या माणसाचा दोष थोडा आणि त्या शांततेचा दोष अधिक वाटतो. “मी थांबलो आहे, मुख्य सर्व्हरची वाट पाहतो आहे,” एवढे एक वाक्य पडद्यावर उमटले असते, तर त्याने आणखी थोडी वाट पाहिली असती.

पुढची गोष्ट याहून बोध घेण्यासारखी आहे. रोजची राखीव नक्कल काढायला गेले तर तिची कोठी रिकामी. नक्कल उतरवणारे साधन जुन्या आवृत्तीचे आणि नोंदसंग्रह नव्या आवृत्तीचा, म्हणून ते रोज अपयशी होत होते. अपयशाची खबर देणारी ई-पत्रे निघत होती, पण त्यांवर हवी ती खूण नसल्याने ती वाटेतच नाकारली जात होती. म्हणजे मोटर बंद, आणि ती बंद आहे हे सांगणारी घंटाही बंद. सुदैवाने दुसऱ्या एका कामासाठी सुमारे सहा तास आधी कुणीतरी हाताने एक नक्कल घेतली होती, तीच कामी आली. ती परत जागेवर न्यायलाही संथ डिस्कांमुळे तासन् तास लागले. सहा तासांहून थोड्या अधिक काळातल्या नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीच्या अंदाजाने सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवी खाती यांना त्याची झळ पोचली. त्या कंपनीचे एक कौतुक केले पाहिजे. तिने काही झाकले नाही. दुरुस्तीचे काम सगळ्या जगाला पाहू दिले आणि नंतर चुकांची यादी स्वतःच छापली. म्हणून तर मी ही हकीगत तुम्हांला सांगू शकतो.

पुढे २०२० साली पोस्टग्रेसची १३ वी आवृत्ती निघाली. तिच्यात नक्कल उतरत असताना पाहता येईल असा एक तक्ता आला. आता कोणती पायरी चालू आहे ते त्यात दिसते: तयारी, मनातल्या नोंदी वहीवर चढण्याची प्रतीक्षा, एकूण कामाचा अंदाज, फाइलींची पाठवणी, आणि शेवटी रोजकीर्दीची पाने. एकूण किती आणि पाठवले किती, हेही आकडे दिसतात. मला यात पायरीचे नाव सर्वांत मोलाचे वाटते. डॉक्टर शस्त्रक्रियेच्या खोलीत असताना बाहेरच्या नातेवाइकाला “अजून भूल देताहेत” एवढे कळले, तरी त्याचा जीव जागेवर राहतो.

हे सगळे परदेशातल्या मोठ्या कंपन्यांचे, आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणेल. मी पूर्वी ज्या महाविद्यालयात शिकवीत होतो तेथला अनुभव ऐका. कचेरीतला संगणक रोज संध्याकाळी एका वेगळ्या डिस्कवर नक्कल उतरवी. कारकून इमानाने बटण दाबून, कुलूप लावून घरी जात. पुढे एकदा संगणक बिघडला आणि डिस्क उघडली, तर शेवटची नक्कल तीन आठवड्यांपूर्वीची. “डिस्कवर जागा उरलेली नाही, काय करू?” असा प्रश्न विचारून संगणक रोज रात्री उत्तराची वाट पाहत बसे. सकाळी कारकून ती चौकट बंद करून कामाला लागत. तीन आठवड्यांतले प्रवेशअर्ज मुलांना पुन्हा भरावे लागले. एका मुलीचे वडील त्यासाठी चाळीस किलोमीटरवरून मजुरी बुडवून दुसऱ्यांदा आले होते. नकलेवर नजर न ठेवण्याची किंमत शेवटी कोण मोजतो, ते मी त्या दिवशी पाहिले.

तेव्हा ज्यांच्या शाळेत, सोसायटीत किंवा ग्रामपंचायतीत संगणक आहे त्यांनी पाच गोष्टी पाळाव्यात. नक्कल सुरू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे तेथेच थांबावे. बरेच प्रश्न आणि अडथळे सुरुवातीलाच येतात. मध्यंतरी आकडा हलतो की नाही ते पाहावे. दोनदा पाहिले आणि आकडा तोच असला, तर चौकशी करावी, पण घाईने काही पुसू नये. एका वहीत रोज तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ आणि नकलेचे वजन लिहावे. आजचा आकडा कालच्या शेजारी ठेवला की खोट आपोआप दिसते. केवळ बिघाडाची खबर यावी अशी व्यवस्था पुरेशी नाही, यशाची खबर रोज यायला हवी. रोज येणारा पोस्टमन एक दिवस आला नाही, तर आपण विचारपूस करतोच ना, तसे. आणि महिन्यातून एकदा ती नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून, त्यातली दोनचार नावे जनरल रजिस्टराशी ताडून पाहावीत. उघडून न पाहिलेली नक्कल म्हणजे न उकरलेली पेव. आत ज्वारी आहे की कोंडा, वरून कळत नाही.

यांतल्या कशालाही मोठी विद्या लागत नाही. लागते ती पाटाच्या कडेने शेवटच्या वाफ्यापर्यंत जाण्याची सवय, आणि ती तर आपल्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या आहे.